दिवेबोळ

दारूकोठाराच्या दारापासून लागलेली रांग थेट लाँचच्या धक्क्यापर्यंत आली होती. दुपारच्या फेरीनं आणखी माणसं उतरली आणि रांगेच्या शेपटीला चिकटली. कुणाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो होता, कुणाच्या हातात त्याचा चष्मा.

"ढकलू नका हो. गेलेली माणसं कुठं पळून जाताहेत?"

"तुमची नसतील जात. आमचे मामा जिवंतपणीही एका जागी बसले नाहीत."

थोडं हसू पिकलं आणि लगेच विझलं. हसायला कुणीच आलं नव्हतं.

रांगेच्या मध्यावर मिस्त्री उभा होता. लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणून मिस्त्री. सगळं बेट त्याला याच नावानं हाक मारायचं, बायकोसुद्धा गमतीनं मारायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता त्याच्या कोपराला धरून तिची आई उभी होती. मुलगी गेल्यावर लोकांनी विचारलं होतं, सासूबाई आता कुठं जाणार? मिस्त्री म्हणाला होता, "कुठं म्हणजे? घरी." विषय तिथंच संपला होता.

दारूकोठार म्हणजे तोफांची दारू ठेवायची जागा. नवख्याला हे आधीच सांगावं लागे, कारण नाव ऐकून काही उत्साही मंडळी भलत्याच आशेनं येऊन परत गेली होती. टेकडीच्या पोटात बांधलेली दगडी खोली, वर मातीचा जाड थर, आत कमान, खिडकी एकही नाही. पलटण बेट सोडून गेल्यापासून तिथं शेळ्यांशिवाय कुणी जात नसे. आता शेळ्या बाहेर आणि माणसं आत, असा प्रकार झाला होता.

दारात उजेडबाबा उभा होता. दाढी करून तुकतुकीत झालेला चेहरा, पांढरा लांब सदरा, आणि हातातून साबण निसटावा तसा निसटता आवाज.

"चपला बाहेर! लोखंड बाहेर! काडेपेटी, लायटर, मोबाइल, सगळं बाहेर! आत्मा म्हणजे काय? लहर! लहरीला धातू लागला की लहर तुटते. हे विज्ञान सांगतं, मी नाही. तुटलेली लहर जोडायला तीन जन्म लागतात, मंडळी, आणि माझ्याकडे सध्या एकच आहे!"

लोक गंभीरपणे चपला काढत होते.

"आणि गेलेल्याच्या अंगावरचं सोनं घरात ठेवलं असेल तर ते ज्योतीला परत करा. ते तुमचं नाही, त्यांचं आहे. सोन्यात पाय अडकतो बिचाऱ्यांचा."

बाबाच्या काखेतली कापडी पिशवी बरीच जड दिसत होती. म्हातारीनं पहिल्याच खेपेला मुलीची कर्णफुलं त्या पिशवीत टाकली होती. मिस्त्री काही बोलला नव्हता. आईनं लेकीला दिलेली कर्णफुलं, आईनंच काढून दिली. त्यात त्यानं काय बोलावं?

आत गेल्यावर दार लोटलं गेलं. अंधार असा की स्वतःचा हात दिसू नये. मग बाबा खाकरला, आणि समोरच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, एका खोल कोनाड्यात उजेड उमलला. पिवळा, मऊ, संथ. कोनाड्याच्या तोंडाला जाड, धुरकट काच होती.

"तेल आहे का? नाही! वात? नाही! वायर? शोधा, सापडली तर मला इथंच गाडा! हात लावा काचेला. थंडगार! आता विचारा. 'हो' असेल तर उजेड वाढेल, 'नाही' असेल तर मंद होईल. एकेकानं. आणि रडू नका, बाष्पानं लहर जड होते."

मिस्त्री पहिल्यांदा आला होता तेव्हा त्याला काय विचारावं ते सुचलंच नव्हतं. मागचे लोक चुळबुळ करायला लागले तेव्हा तो एकदम म्हणाला होता, "तुला तिथं थंडी वाजते का?" ती फार कुडकुडायची. शेवटच्या आजारात तर तीन पांघरुणं घालूनही तिचे पाय गार लागायचे. बाबा अंधारात दोनदा खोकला होता, आणि उजेड मंद झाला होता. नाही. थंडी वाजत नाही. त्या रात्री मिस्त्री कितीतरी महिन्यांनी सलग झोपला होता.

म्हणून तो पुन्हा आला होता, आणि पुन्हा येणार होता.

आज म्हातारी एकटीच काचेजवळ गेली. तोंड काचेला लावून हळू काहीतरी बोलली. बाबा खोकला. उजेड वाढला. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मिस्त्रीनं वर्षभरात न पाहिलेलं समाधान होतं.

घरी आल्यावर त्यानं हात धुतले, नखांतलं ग्रीस ब्रशनं काढलं आणि फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली घेतली. हे काम आधी बायकोचं होतं. ती गेल्यावर नर्सबाईंनी त्याला शिकवलं. पहिले काही दिवस सुई बघून त्याचाच चेहरा पांढरा पडायचा, आणि म्हातारी म्हणायची, "जावईबापू, इंजिन नाही ते, हलक्या हातानं."

"आई, चला."

"नको."

"दुखतंय का? दुसऱ्या बाजूला देतो."

"दुखत नाही. आता नको म्हणजे नकोच." तिनं शांतपणे पदर सारखा केला. "मी आज तिला विचारलं, येऊ का गं तुझ्याकडे? ती हो म्हणाली."

मिस्त्रीनं सुई खाली ठेवली.

"आई, असं काय बोलता?"

"उजेड वाढला. तुम्ही तिथंच होतात. पाहिला ना?"

पाहिला होता. तीच तर अडचण होती. थंडीचं उत्तर खरं मानायचं तर हेही खरं मानायला हवं होतं. एक खरं आणि एक खोटं, असं सोयीनं निवडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तिनं इंजेक्शन घेतलं नाही. डॉक्टर घरी येऊन बोलले, रागावले, हात जोडले. म्हातारीनं त्यांना पाणी दिलं आणि पाठवून दिलं. जाताना डॉक्टर दारात मिस्त्रीला म्हणाले, "असंच चाललं तर आठवडाही निघणार नाही. जबरदस्ती करून किती दिवस टोचणार आहात?"

मिस्त्री वर्कशॉपमध्ये एक पंप खोलून नुसता त्याच्याकडे बघत बसला होता, तेव्हा शाळेतल्या बाई आल्या. बाई इतिहास शिकवायच्या आणि मिस्त्रीच्या बायकोच्या जुन्या मैत्रीण होत्या. बाबा आल्यापासून त्या सगळ्या बेटाला ओरडून सांगत होत्या की ही लबाडी आहे, आणि सगळं बेट त्यांना सांगत होतं की बाई, तुम्ही पेपर तपासा.

"मिस्त्री, मला तुमची मदत हवी आहे. एक दार उघडायचंय."

"बाबाविरुद्ध असेल तर नको, बाई. लोकांना बरं वाटतं. मला बरं वाटतं. तुमचं काय जातं?"

"माझी मैत्रीण गेली, मिस्त्री. तिच्या नावानं कुणीतरी भलताच बोलतोय. हे जातं."

मग पंपाकडे बघतच त्यानं म्हातारीचं सांगितलं. बाई स्टूल ओढून बसल्या. बोलल्या तेव्हा वर्गातल्यासारख्या, पण हळू.

"या बेटाच्या भिंती कशा वाढत गेल्या ते दर वर्षी मी पोरांना दाखवते. आधी नुसता मातीचा बांध आणि लाकडी मेढी, चाच्यांसाठी. मग उंच दगडी बुरूज. मग तोफा आल्या आणि उंच बुरूज पत्त्यांसारखे पडायला लागले, म्हणून ठेंगण्या, जाड, तिरक्या भिंती. मग तोफगोळे वरून पडायला लागले, म्हणून टेकडीच्या पोटात कोठार. मग काँक्रीटचे खड्डे आणि लांबलचक तोफा, ज्या लढाईत एकदाही उडाल्या नाहीत. प्रत्येकानं मागच्या शत्रूसाठी भिंत बांधली, आणि पुढचा शत्रू दुसरीकडूनच आला. एकदा ओहोटीला मागच्या चिखलातून. एकदा तर आलाच नाही, दूर कुठंतरी कागदावर सही झाली आणि बेट त्याचं झालं."

"आणि हा तिकीट काढून लाँचनं आला," मिस्त्री म्हणाला.

"तेच. आता मला सांगा, दारूच्या कोठारात दिवा घेऊन जाणारा सैनिक किती वेळ जगेल?"

"तो जगणार नाही, आणि आसपासचंही कुणी जगणार नाही."

"मग खिडकी नसलेल्या खोलीत ते काम कसं करायचे? चाचपडत?"

मिस्त्रीनं पंप खाली ठेवला.

"चपला बाहेर, लोखंड बाहेर, काडेपेटी बाहेर. हे नियम आत्म्यांचे नाहीत हो. बुटाच्या खिळ्याची ठिणगी पडून कोठार उडेल, म्हणून असल्या जागी कुणालाच बूट घालून सोडत नसत. यानं सैनिकांचे नियम घेतले आणि त्यांचा मंत्र केला. आणि दिवा? दिवा भिंतीच्या पलीकडे असायचा. कोठाराला लागून एक अरुंद बोळ, त्याचं दार टेकडीच्या दुसऱ्या अंगाला. बोळातून दिवेवाला यायचा, कोनाड्यात दिवा ठेवायचा, मध्ये जाड काच. उजेड आत, आग बाहेर. आपण त्या जागेला काय म्हणतो?"

"दिवेबोळ," मिस्त्री म्हणाला, आणि थांबला.

बेटावरच्या प्रत्येकाला दिवेबोळ ठाऊक होता. शाळा बुडवणारी पोरं तिथं बसायची. "कुठं गेला होतास दिवे लावायला?" असं घरोघरी विचारलं जायचं, आणि सगळ्यांना वाटायचं, नाव त्यावरूनच पडलं. लग्नाआधी तोही तिच्याबरोबर त्या तोंडाशी बसायचा. आत कुणी फारसं जात नसे. अंधार, कुबट वास, वटवाघळं. म्हातारीनं एकदा दोघांना तिथून कान धरून आणलं होतं आणि हेच विचारलं होतं.

"पलटण गेली, तिचे दिवे गेले, नाव राहिलं," बाई म्हणाल्या. "आणि आपण त्या नावाचा विनोद केला. तिथं खरोखरच दिवे लावत असतील, हे मलाही परवापर्यंत सुचलं नाही. परवा जाऊन पाहिलं. तोंडाला नवं लोखंडी दार आहे, त्याला नवं कुलूप."

मिस्त्री उठला. पाने, पंच आणि हातोडी पिशवीत टाकली. मग पुन्हा बसला.

"बाई, मला तिथं जायचं नाही."

"माहीत आहे मला."

"दार उघडलं की ती पुन्हा जाईल."

बाईंनी डोळे पुसले. मग तोच उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी शेजारणीचा हात धरून कोठाराकडे गेली. दोन पावलं चालली की थांबत होती, ओठ कोरडे पडले होते, पण गेलीच. मिस्त्री आणि बाई टेकडीला वळसा घालून मागच्या अंगाला आले. दाराला कुलूप नव्हतं, आतून कडी होती. मिस्त्रीनं बिजागऱ्यांच्या खिळ्या पंचानं वर सरकवल्या. नव्या आणि स्वस्त होत्या, चटकन निघाल्या.

आत बोळ इतका अरुंद की खांदे दोन्ही भिंतींना घासत होते. वळणापलीकडे एक जाडसर इसम प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर बॅटरीवरचा कंदील, कंदिलाभोवती गुंडाळलेला पिवळा टॉवेल, तोंडात खारे शेंगदाणे. समोर कोनाडा, शेजारी तसाच आणखी एक, रिकामा. कोनाड्याच्या टोकाला काच.

"कोण रे?" तो घाबरून म्हणाला. "मी नुसता मेहुणा आहे. बाबांचा. मला काही माहीत नाही."

"उजेड कधी वाढवायचा ते तर माहीत आहे ना?" बाईंनी दटावलं.

"एकदा खोकले की वाढवायचा. दोनदा खोकले की टॉवेल ओढायचा. एवढंच. आई शप्पत."

"आणि लोक काय विचारतात?" मिस्त्रीनं विचारलं.

"ते कुठं ऐकू येतंय? काच बघा केवढी जाड. खोकला तेवढा येतो वरच्या भोकातून."

थंडी वाजते का, हे ह्यानं ऐकलंसुद्धा नव्हतं. शेंगदाणे खात टॉवेल ओढला होता.

"उठ," तो म्हणाला. मेहुणा उठला. मिस्त्रीनं त्याच्या हातातून कंदील घेतला.

धुरकट काचेपलीकडे एक चेहरा जवळ आला. म्हातारीचा. तिनं काचेवर तळहात टेकला. आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येत होता, पण ओठ त्याला वाचता येत होते. "पोरी, येऊ ना?" आज तिला खात्री करून घ्यायची होती.

वरच्या भोकातून खोकला आला. एकदा.

मिस्त्रीच्या एका हातात कंदील होता आणि दुसऱ्या हातात टॉवेलचं टोक. ते ओढायचा अवकाश होता. उजेड मंद झाला असता. नाही, येऊ नकोस. म्हातारीनं लेकीचं ऐकलं असतं. संध्याकाळी निमूट इंजेक्शन घेतलं असतं. आणि ती, त्याची ती, काचेपलीकडे उबेत राहिली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"झाका," मागून बाई कुजबुजल्या. बाईसुद्धा. "मिस्त्री, झाका. बाकीचं नंतर बघू."

त्यानं टॉवेलचं टोक धरलं. मग त्याच्या मनात आलं, आज मी झाकेन. उद्या इथं कोण बसलेलं असेल?

त्यानं टॉवेल पूर्ण काढून टाकला, कंदील हनुवटीखाली धरला आणि आपला चेहरा काचेला लावला.

कोठारात किंकाळी उठली. "अगं बाई, मिस्त्री पण गेला!" शेजारणीचा आवाज थेट भोकातून खाली आला. "सकाळी तर पंप दुरुस्त करत होता!"

म्हातारी हलली नाही. काचेला नाक लावून बघत राहिली. मिस्त्रीनं हात वर करून काचेवर टेकवला, तिच्या हातासमोर. हाताला पुन्हा ग्रीस लागलं होतं. काचेवर काळा डाग उमटला.

शेजारच्या कोनाड्यात बाईंनी मोबाइलची बॅटरी लावली आणि सगळ्या कोठारानं त्यांना मुठीनं काच ठोकताना पाहिलं. वरच्या भोकाकडे तोंड करून त्या ओरडत होत्या, "मागनं या! दिवेबोळातून! एकेक जण या आणि बघा!"

"ही माया आहे, मंडळी! लहर फाटली आहे, डोळे मिटा!" बाबा ओरडत होता. पण लोक डोळे मिटेनात. अनवाणीच टेकडीला वळसा घालून आले, एकेक करून बोळात शिरले, खुर्ची पाहिली, टॉवेल पाहिला, शेंगदाण्यांची टरफलं पाहिली. काही जण चिडले. बरेचसे नुसते बाहेर येऊन गवतावर बसले. मामांचा तो भाचा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला काय, मला आधीच शंका होती," आणि त्याचे डोळे वाहत होते.

बाबानं पिशवीसकट धक्का गाठला, पण लाँचच्या इंजिनात बिघाड निघाला. कसला ते मिस्त्रीलाच माहीत. पलीकडच्या काठावरून पोलीस आल्याबरोबर इंजिन सुधारलं. पिशवीतलं सोनं धक्क्यावरच ज्याचं त्याला परत मिळालं.

घरी म्हातारी तिन्हीसांजेपर्यंत कर्णफुलं मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून बसली. मिस्त्रीनं दोनदा पाणी नेऊन दिलं, दोन्ही वेळा ती प्यायली.

"टॉवेल ओढायचा होता तुम्ही," शेवटी ती म्हणाली. "मला कळलंच नसतं. मी थांबले असते इथं. आणि ती तिथं असती."

"हो, आई."

"मग का नाही ओढलात?"

"तुम्ही तिला विचारत होतात. उत्तर मी दिलं असतं. उद्या दुसऱ्यानं दिलं असतं, त्याला वाटेल ते."

"म्हणजे ती कुठंच नाही."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. म्हातारी त्याच्या खांद्याला डोकं लावून, गेल्या वर्षी रडली नव्हती ती सगळी रडली. तोही रडला. मग अंधार व्हायच्या आत त्यानं हात धुतले आणि बाटली आणली. ती नको म्हणाली नाही. हो असंही म्हणाली नाही. नुसती बसून राहिली, आणि त्यानं हलक्या हातानं सुई टोचली.

बाई आता पोरांना किल्ला दाखवायला नेतात तेव्हा आधी बोळात नेतात, मग कोठारात. मोठी माणसंही मागून जातात. गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटतं, काहीतरी विचारावंसं वाटतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुःखात सगळेच विचारतात. पण उत्तर आलं तर ते कोण देतंय, हे बघायला भिंतीच्या मागच्या अंगाला एकदा जावं. तिथं दार असतंच. आणि आपल्याला ते उघडायचं नसेल, तेव्हा तर जावंच, कारण काचेशी विचारत उभं असलेलं माणूस अजून जिवंत असतं.